पाचशे सहा वॉट

"बघ बाई, पिल्लूने पाठवलेला हीटर म्हणजे काय ऊब! घाम फुटला मला," आई म्हणाली.

कसला घाम! गारठ्याने नाक लाल झालं होतं तिचं, आणि शाल गळ्यापर्यंत ओढलेली.

पिल्लू म्हणजे टक्कल पडलेला माझा धाकटा भाऊ. दूरच्या शहरात राहतो, फोनवरून माया करतो. आईजवळ असते मी. घराखालीच माझं इस्त्र्या, गिझर, हीटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या थंडीत मी स्वतः कॉइल भरून आईला हीटर करून दिला. तो सध्या पलंगाखाली आहे, त्यावर ती चपला ठेवते. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! हो, जळते मी पिल्लूवर, लहानपणापासून जळते. आईने एकदा, फक्त एकदा, त्याच्यासमोर माझं कौतुक करावं, एवढंच मला हवं होतं.

"हजार वॉटचा आहे हो," आई म्हणाली. "इथे लिहिलंय."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. "लिहायला काय जातंय? मोजूनच बघू. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

खालून मीटर आणला. हीटरची दोन्ही बटणं दाबली, एकेक कॉइल एकेका बटणावर. व्होल्टेज दोनशे तीस, ठीक. करंट मात्र दोन पॉइंट दोन अँपिअर! मी गुणाकार चांगला खणखणीत आवाजात केला. "दोनशे तीस गुणिले दोन पॉइंट दोन, पाचशे सहा. आई, पाचशे सहा वॉट! तुझ्या पिल्लूने अर्धाच हीटर पाठवलाय."

मग भागाकारही केला, कोण सोडतंय! व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स मिळतो. तो आला एकशे पाच ओहमच्या आसपास. दोन्ही कॉइली चालू असत्या तर विजेला दोन वाटा मिळाल्या असत्या आणि हा आकडा निम्मा आला असता. म्हणजे एका कॉइलमधून वीज जातच नव्हती. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

आईने हीटरपुढे हात धरले. मग म्हणाली, "अर्ध्यात एवढी ऊब? मग पुरा चालला तर काय बहार येईल! बस, नीट कर पाहू."

घ्या! आली का पंचाईत? पण तिच्या पावलांना हात लावला तर बर्फासारखी गार. प्लग काढून हीटर उघडला. दुसऱ्या कॉइलची वायर क्लिपपाशी जळून सुटली होती. नवी क्लिप बसवली, पुन्हा मोजलं. चार पॉइंट चार अँपिअर, म्हणजे हजार बारा वॉट. खोली खरंच तापली.

आईने शाल बाजूला टाकली आणि लगेच फोन लावला. "अरे पिल्लू, तुझा हीटर आज काय तापलाय म्हणून सांगू! ... नाही रे, कोण काय करणार? वस्तूच चांगली."

मी अंगठ्याने एक बटण हळूच बंद केलं.

थोड्या वेळाने आईने शाल पुन्हा ओढली. "थांब रे जरा. गार लागायला लागलं. हिला विचारते, यातलं सगळं हिलाच कळतं."

"काय म्हणालीस?" मी म्हटलं. "मोठ्याने बोल, त्याला ऐकू जाऊ दे."

तिने मोठ्याने सांगितलं. मग मी बटण दाबलं.