चालून दाखव

"ऊठ हॉबर्ट. खुर्चीपासून चुलीपर्यंत चालून दाखव," क्रॅबट्री बाबाला म्हणाला.

हा आमच्या सूतगिरणीचा मॅनेजर, आणि रविवारी चर्चचा कारभारी. देशभर दारूबंदी आली तेव्हा यानंच गावातली पिंपं कुऱ्हाडीनं फोडली म्हणे, वर बँड लावून. मग गाव कोरडं झालं? हॅ! गाव औषधाच्या दुकानात जायला लागलं. तिथं पोटदुखीवर आल्याचा अर्क मिळायचा. आत सरळसरळ दारू, बाटलीवर चित्र आल्याचं. बाबा शनिवारी सोड्यात घालून प्यायचा. औषधाच्या दुकानातलं आहे म्हणजे सरकारनं तपासलेलंच असणार, असं त्याला खरंच वाटायचं. येडा!

यंदा त्या अर्कात कुणीतरी भलतंच काहीतरी मिसळलं आणि बाबाच्या पायांतली ताकदच गेली. पाऊल उचललं की पंजा लोंबतो, टेकताना फटकन् आपटतो, मग टाच. आमच्या अख्ख्या टेनेसी राज्यात असे लोक झालेत. कुणी असं चाललं की शेंबडं पोरही सांगतं, हा अर्क प्यायला. आणि आमचं घर गिरणीचं; पिणाऱ्याला तिथं जागा नाही.

"पोलिओ झालाय त्याला," मी ठोकून दिलं.

"या वयात?" क्रॅबट्री हसला.

हसला, पण उंबऱ्यावरून हलला नाही. आत या म्हटलं तरी नाही. ड्रायव्हरनं त्याला बखोटीला धरून पायरी चढवलेलं मी खिडकीतून बघितलं होतं. चर्चमध्येही हल्ली सगळ्यांच्या आधी येऊन बसतो, सगळे गेल्यावर उठतो. म्हणे घोड्यानं लाथ मारली. घोड्यानं! याच्याकडे मोटार आहे.

"आधी तुम्ही चाला ना," मी म्हणाले. "मग बघू कुणाला घर सोडायचंय."

क्रॅबट्रीचा चेहरा लालेलाल. "हॉबर्ट, पोरीला आवर!"

"बाबा, बोल ना! गावासमोर चालायला लाव याला. घर वाचेल आपलं!"

बाबानं क्रॅबट्रीच्या बुटांकडे बघितलं. नवेकोरे होते, पण पुढून पार घासलेले.

"व्हर्ली, गप बस," तो म्हणाला आणि उठला. फटक, टाच. फटक, टाच. चुलीपर्यंत गेला, तिथून दारापर्यंत आला. कशालाही धरलं नाही.

"प्यायलो होतो. संध्याकाळपर्यंत घर रिकामं करतो."

क्रॅबट्रीनं ड्रायव्हरला हाक मारली. तो मोटार वळवायला गेला होता.

"पायरी उंच आहे," बाबा म्हणाला. "खांदा धरा माझा."

मला बाबाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. दोघं उतरले, भरदिवसा, सगळ्या गल्लीसमोर. चारही पंजे फटाफट आपटत होते. समोरच्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून बघत राहिल्या.

मी आत वळले. चूल गिरणीची होती, कढई आमची. गार व्हायची वाट न बघता मी ती पोत्यात घातली.