छतावरचा जोड

छताला कुठलं फिनिश द्यावं हे विचारायला लोक मला बोलावतात आणि माझं ऐकत नाहीत. या घरच्या सूनबाईंनी तर फोनवरच ठरवून टाकलं होतं, गुळगुळीत हवं. पत्ता ऐकून मला घर कळलं होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "उद्या येतो" असं बाहेर पडलं.

नऊ वर्षांपूर्वी हे छत मी आणि माझ्या थोरल्या भावाने केलं होतं. खरं तर दादानेच. मी खाली माल कालवून देत होतो. दादा डावखुरा. ओल्या मालावर ब्रश टेकवून मनगट फिरवायचा आणि शेजारी शेजारी गोल उमटत जायचे, सगळे डावीकडे वळलेले. आमच्यात एक नियम आहे. छत सुरू केलं की भिंतीला टेकेपर्यंत थांबायचं नाही. मध्येच थांबलात तर माल सुकतो आणि जोड दिसतो, मग वरून कितीही रंग फासा.

आतल्या खोलीत सूनबाईंच्या सासूबाई कॉटवर पडून होत्या, छताकडे टक लावून.

"मिस्त्री, हे बघा," सूनबाई म्हणाल्या. "संध्याकाळी तिरपं ऊन आलं की इथे रेघ दिसते. अलीकडचे गोल एकीकडे वळलेत, पलीकडचे दुसरीकडे. कुणी केलंय देव जाणे."

मी पिशवीतून नमुने काढले. त्या तेव्हा या घरात आलेल्या नव्हत्या.

"आणि सासूबाईंना तर वर ब्रश ऐकू येतो. कुणीतरी अजून काम करतंय म्हणतात."

मी वाळूसारख्या खरखरीत नमुन्याची पाटी पुढे केली. "हे घ्या. हे सगळं पोटात घालतं. गुळगुळीत छत चुगलखोर असतं, जरासा उंचवटा असला तरी गावभर करतं."

"नको. जुनं सगळं खरवडून काढा."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या. सासूबाईंची कॉट दाराबाहेर सरकवली होती. मी छत भिजवून खरवडायला लागलो. दादाचे शेवटचे सात गोल मी सगळ्यांत शेवटी काढले. ते एकापेक्षा एक लहान होत गेले होते. त्यांच्या पुढचे गोल माझे, उजव्या हाताचे, आठ दिवसांनी येऊन केलेले.

"तो दुसरा कुठाय रे?" सासूबाईंनी विचारलं. "छाती चोळत होता तो?"

"गेला, आजी. त्याच दिवशी."

"उतरू का म्हणून विचारत होता तुला. मी दारात उभी होते तेव्हा."

नऊ वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही. दादाने दोनदा विचारलं होतं. मी वर न बघता म्हणालो होतो, "दहा मिनिटं काढ. जोड दिसेल." माझ्या जिभेला हाड नव्हतंच कधी, पण त्या दिवशी काळीजही नव्हतं. सात गोल काढून दादा फळीवरच आडवा झाला.

दुपारी पुट्टी चढवायला घेतली. निम्मं छत झालं, ओली कड भिंतीकडे सरकत होती, हात जोरात होता. तेवढ्यात मागून ब्रशचा आवाज आला. ओल्या मालावर टेकायचा, वळायचा, सुटायचा. वळताना मध्येच अडखळत होता. मी मान वळवली नाही.

"उतरू का रे?" अगदी कानाशी.

समोर पुट्टी सुकायला लागली होती.

"उतर, दादा," मी म्हणालो. "दिसू दे जोड."

पुट्टी ओढायचा पत्रा खाली ठेवला, फळीवरून उतरलो आणि कॉटपाशी जमिनीवर बसून रडलो. वर माल सुकत होता. सासूबाईंनी बराच वेळ कान दिला.

"थांबला," त्या म्हणाल्या.

सूनबाई परतल्या तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. छताच्या मधोमध जाड, वेडीवाकडी कड लख्ख दिसत होती.

"मिस्त्री, हे काय करून ठेवलंत?"

"उद्या घासून नीट करून देतो," मी म्हणालो. "आज राहू द्या. माझा भाऊ इथे उतरलाय."