उस्तादांची जीभ

मेल्चोरने सालीचा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले, तेव्हा काडिझच्या धक्क्यावरचे हमालसुद्धा बोलायचे थांबले. पेरू देशातून जहाजाने आलेली, तापावर देतात ती झाडाची साल खरी की खोटी, हे गेली अठ्ठावीस वर्षं हीच जीभ ठरवत आली होती. बंदरातले वैद्य एकमेकांचं निदान कधी मान्य करत नसत, पण मेल्चोर औषधवाल्याच्या जिभेबद्दल त्यांचं एकमत होतं. ती वैद्यांविषयी काही बोलत नसे, म्हणूनही असेल.

परीक्षेची रीत सोपी होती. साल जिभेवर ठेवायची आणि मेरीमातेची एक प्रार्थना मनातल्या मनात म्हणायची. ‘आमेन’च्या आधीच तोंड कडू झालं, तर ती चेरीची साल, कोरफडीच्या कडू रसात भिजवून वाळवलेली. खऱ्या सालीला घाई नसते. आमेन झाल्यावर तिचा कडूपणा जिभेच्या मुळाशी येऊन बसतो आणि जेवणापर्यंत हलत नाही.

आमेन झालं. काहीच आलं नाही.

मेल्चोरने दुसरी प्रार्थना सुरू केली. मग तिसरी.

“उस्तादांची भक्ती वाढलेली दिसते,” व्यापारी गास्पार ओर्तुन्यो हमालांना म्हणाला. हसला, पण टोपी हातात फिरवत राहिला. माल त्याचा होता. इस्पितळाचे फादर अन्सेल्मो हसले नाहीत. त्यांच्याकडे तापाचे एकोणीस रोगी पडले होते आणि साल सोमवारीच संपली होती.

हिवाळ्यात मेल्चोर आठ दिवस अंथरुणाला खिळला होता. दुखणं गेलं, ते जाताना तोंडाची चव घेऊन गेलं. आधी त्याला बरंच वाटलं. जन्मभर कडू चाखलेल्या माणसाला थोडी सुट्टी मिळाली होती. पण सुट्टी संपेना. मग तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बरणीतला सालीचा तुकडा तोंडात धरून बसू लागला. परदेशी गेलेल्या माणसाची वाट पाहावी, तशी तो कडूपणाची वाट पाही. कुणाला बोलला नव्हता; हिवाळ्यानंतर सालीचं जहाजही आजच पहिल्यांदा आलं होतं. जीभ गेली हे कळलं असतं, तर दुकानात मागे उरल्या असत्या फक्त बरण्या.

समोरची साल दिसायला छान होती. वरून काळपट, आतून दालचिनीसारखी लाल. मोडताना कट्‌कन आवाजही झाला होता. डोळे म्हणत होते, खरी आहे. ‘खरी’ एवढंच म्हटलं की फादर गासडी घेऊन गेले असते आणि सगळे जेवायला मोकळे.

“बोला ना उस्ताद,” ओर्तुन्यो म्हणाला. “ऊन डोक्यावर आलं.”

मेल्चोरने साल थुंकली. “मला कळत नाही.”

“म्हणजे खोटी?” फादरनी विचारलं.

“म्हणजे मला कळत नाही, फादर. माझी जीभ गेली. हिवाळ्यापासून मिठाचीसुद्धा चव कळत नाही मला.”

उस्ताद थट्टा करताहेत, असं ओर्तुन्योने आधी सगळ्यांना सांगून पाहिलं. मग, जीभ काय, म्हातारी व्हायचीच, डोळे शाबूत आहेत तेवढं पुरे, असं म्हणून त्याने हमालांना गासडी उचलायची खूण केली. मेल्चोर गासडीसमोर उभा राहिला. सालीचा नवा तुकडा मोडून त्याने फादरपुढे धरला.

“तुम्ही चाखा. एकच प्रार्थना म्हणा. पण रोजच्यासारखी भरभर नको.”

फादर अर्ध्या प्रार्थनेपर्यंतही पोचले नाहीत. त्यांचं तोंड पिळलेल्या फडक्यासारखं झालं, ते थुंकले आणि बाहीने जीभ पुसू लागले. साल चेरीची निघाली. आपल्यालाच कुणीतरी फसवलं, असं ओर्तुन्योने जाहीर केलं. कोणी, ते त्याला आठवत नव्हतं.

भुकेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं, तसा मेल्चोर फादरच्या त्या वाकड्या तोंडाकडे पाहत राहिला.

“कसं लागतंय?”

“कडू. दुसरं काय असणार?”

“शेंड्याला, की मागे?”

फादरनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग, आधी शेंड्याला, मग कडांना, आता घशात, असं त्यांनी सावकाश सांगितलं. मेल्चोरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुढच्या व्यापाऱ्यांच्या गासड्या फादरनी स्वतःच चाखल्या. चौथी खरी निघाली.

मेल्चोर घरी पोचण्याआधीच धक्क्यावरची बातमी तिथे पोचली होती. त्याच्या बायकोने, लेओकादियाने, हरभऱ्याचं सूप वाढलं. चाळीस वर्षं पहिल्या चमच्याला हा माणूस “मीठ जास्त झालं” म्हणत आला होता. हिवाळ्यानंतर तो मुकाट्याने जेवू लागला, तेव्हाच तिला शंका आली होती. उपासांच्या महिन्यात तिने एक दिवस सुपात मीठच घातलं नाही. तो जेवून उठला. त्या दिवसापासून तिने मीठ घातलंच नव्हतं, आणि स्वतःही तेच सूप जेवत होती.

मेल्चोरने पहिला चमचा तोंडात घेतला. बराच वेळ गिळला नाही.

“मीठ जास्त झालंय,” तो म्हणाला.

लेओकादिया उठली, चुलीवरच्या भांड्यातलं पळीभर गरम पाणी आणून तिने त्याच्या वाडग्यात ओतलं.

“हात जड पडला हो आज,” ती म्हणाली.