हंसाबायची कोरडी होडी

मित्रांनो, पाण्यात एकदाही न उतरलेली एक जुनी होडी मी आहे. खरे सांगायचे तर मला होडी म्हणणारी बाई एकच. बाकी सगळ्यांच्या लेखी मी वल्हवण्याचे यंत्र. दोन लोखंडी रूळ, त्यांवर मागेपुढे सरकणारा बसायचा पाट, पाय टेकायला दोन फळ्या आणि दोन बाजूंना दोन लोखंडी हात, एवढाच माझा देह. प्रत्येक हाताखाली तेलाने भरलेला एक पंप आहे, मोटारसायकलच्या शॉकअपसारखा. हात ओढला की आतले तेल त्याला अडवते, आणि ओढणाऱ्याला वाटते आपण पाणीच कापतो आहोत.

बोईसरला कारखाने उभे राहत होते तेव्हा एक परदेशी साहेब यंत्रे बसवायला आला. त्याने मला लाकडी खोक्यात घालून सोबत आणले. रोज सकाळी तो बूट घालून माझ्यावर बसे, घड्याळ बघत घाम काढी आणि उठून जाई. काम संपल्यावर तो मायदेशी गेला आणि मी वसाहतीच्या क्लबात राहिले. नव्याची नवलाई चार दिवस टिकली. मग मंडळी कॅरमकडे वळली. मी कोपऱ्यात गेले. माझ्या हातांवर टॉवेल वाळू लागले.

दसऱ्याला कारखान्यातल्या यंत्रांना झेंडूचे हार पडत. मी क्लबातली, म्हणून मला कोणी यंत्रांत धरले नाही. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावरच्या होड्यांना हळदकुंकू लागे. तिथेही माझी गणती नव्हती. अशी मी अधांतरी होते, मित्रांनो.

तेव्हा हंसाबाय क्लबात झाडलोट करायला लागली. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून ती चालत येई. पस्तिशीची असेल. नवरा तापाने गेलेला, पोरबाळ नाही. दुपारी क्लब रिकामा असे, तेव्हा ती माझ्याजवळ बसून भाकरी खाई. एके दिवशी तिने चपला दारात काढल्या, माझ्या पुढच्या टोकाला हात लावला, तो कपाळाला नेला आणि मग हलकेच पाटावर बसली. तोवर मला कोणी नमस्कार केला नव्हता.

“लहानपनी मी बाच्या होडीवर चढले होते,” ती मला सांगू लागली. जवळ दुसरे कोणी नव्हतेच. “बानं त्या दिवशी होडी लोटलीच नाय. पोरीचा पाय लागला म्हनून. आईनं मना मारलं नाय, पन जेवली नाय ती. तू काय, पान्यात जानार नायस. तुला माजा पाय चालंल ना?”

मला काय, चालणारच होता. तिने दोन्ही हात धरले आणि ओढले. कोणी शिकवले नव्हते, पण किनाऱ्यावर उभे राहून जन्मभर पाहिलेले तिच्या अंगात उतरले होते. साहेबासारखी ती घड्याळ बघत नसे. मागे रेलताना तिचे डोळे मिटत आणि ओठांवर एक हसू येई. पुढची कित्येक वर्षे, दुपारची ती घटका आम्हा दोघींची होती.

शहाऐंशी साली क्लबात नवे सामान आले आणि मला भंगारात काढायचे ठरले. हंसाबाय सेक्रेटरीसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

“हे लोखंड नेऊन करणार काय तुम्ही?” साहेबांनी विचारले.

“बसेन,” ती म्हणाली.

साहेब हसले आणि ‘न्या’ म्हणाले. मी बैलगाडीतून तिच्या घरी आले. दोन खोल्यांचे कौलारू घर, पुढे पडवी, अंगणात विहीर, पलीकडे सुरूची झाडे आणि समुद्र. तिने मला पडवीत असे ठेवले की वल्हवताना तोंड घराच्या दाराकडे यावे. “होडी हाकताना घर दिसाया पायजे,” ती म्हणाली.

पण पुढे दिवस बदलले. क्लबातले काम सुटले आणि ती सुक्या मासळीचा धंदा करू लागली. पहाटे उठून टोपली भरायची, बोईसरच्या बाजारात दिवसभर बसायचे आणि संध्याकाळी अंग टाकायचे. माझ्यावर बसायला वेळ उरला नाही. आधी माझ्या एका हातावर रिकामी टोपली आली, मग दुसऱ्यावर बोंबलाची माळ. खारा वारा आत शिरला. कोणी मला हलवले नाही, कोणी तेलाचा थेंब दिला नाही. तिचा मला राग नव्हता. पण ती माझ्या अंगाला घासून आतबाहेर करी आणि तिची नजर माझ्यावर पडत नसे. रिकाम्या घरात एकटे असण्यापेक्षा ते जड होते, मित्रांनो.

अशी सात वर्षे गेली. नवरात्रात एका सकाळी चहा ओतताना तिच्या हातून कप पडला. मग ती पडली. शेजारची वत्सला धावत आली. अंगावरून वारे गेले होते. पालघरच्या दवाखान्यातून हंसाबाय परत आली ती डावा पाय ओढत. डावा हात तर ओल्या जाळ्यासारखा लोंबत होता.

तिचा धाकटा भाऊ जानू एडवणहून आला. भला माणूस, पण घाबरलेला.

“बाय, चल माज्याकडं. हितं रात्री पडलीस तर कोन बघनार?”

“वत्सला हाय.”

“वत्सला काय जन्मभर तुजं पानी भरनार?” तो वत्सलेकडे वळला. “बाई, इच्या घरात काय लग्नाचा मांडव हाय का, रोज हंडे आनायला?”

“भरते मी. पन भाऊ बोलतो ते बराबर हाय गो,” वत्सला म्हणाली. “एकटीनं रहायचं म्हंजे निदान आपलं पानी आपल्याला काढता आलं पायजे.”

हंसाबायने विहिरीकडे बघितले. विहिरीला कप्पी नव्हती. कठड्यावर वाकून हातावर हात टाकत दोर ओढावा लागे. एका हाताचे ते काम नव्हे.

“होळीपत्तूर मुदत दे,” ती म्हणाली. “होळीला तुज्यासमोर पानी काढीन. नाय काढलं तर घराला कुलूप लाव नि चल म्हन. मी येईन.”

“आन् मंग कुरकुर नाय करायची.”

“नाय करनार.”

जानू गेला त्याच दुपारी तिने माझ्या अंगावरची टोपली खाली ठेवली. बोंबलाची माळ काढली. एका हाताने मला पुसायला तिला किती वेळ लागला! चपला काढून, पुढच्या टोकाला हात लावून ती बसली. डाव्या हाताची मूठ मिटत नव्हती, म्हणून तिने तो लुगड्याच्या चिंधीने माझ्या हाताला बांधला, गाठ दातांनी ओढली.

मी कुरकुरत हलले. ती कण्हत हलली.

रोज ती बसू लागली. वाटेने जाणाऱ्या बाया थांबून म्हणत, “हंसाबाय, कुठं निघालीस गो? केळव्याला का?” ती म्हणे, “मुंबईला. पापलेट आनू का तुला?” बाया हसून निघून जात. त्या गेल्या की तिचे तोंड पुन्हा दुखण्याने आवळले जाई.

संक्रांतीच्या सुमारास तिचा डावा हात झपाझप मागेपुढे होऊ लागला. चिंधी तिने केव्हाच सोडली होती. “बघ गो वत्सला, उजव्यापरीस डावा हलका चालतो!” वत्सलेने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. पण मला धडकी भरली होती. माझ्या डाव्या पंपातले तेल केव्हाच झिरपून गेले होते. तो हात मुळी कशालाच अडत नव्हता. वाऱ्याने माडाचे झाप हलावे तसा हलत होता. आणि मला तोंड नव्हते, मित्रांनो.

त्याच संध्याकाळी ती कोणाला न सांगता विहिरीवर गेली. मी पडवीतून बघत होते. बालदी आत गेली, भरली. उजव्या हाताने दोर वर आला, डाव्याने धरला, आणि सर्रकन सुटला. बालदी पाण्यावर आदळल्याचा आवाज आला. दोराने तिचा तळहात सोलून निघाला होता.

ती परत आली आणि माझ्या फळीवर जोराने लाथ मारली. “खोटारडी!” मग दाराच्या उंबऱ्यावर बसून रडली. घर रिकामे, अंगण रिकामे. तिला गप्प हो म्हणायलाही कोणी नव्हते.

रडून झाल्यावर तिने सहज उजवा हात लांब करून माझा डावा हात धरला. ढकलला. ओढला. पुन्हा ढकलला. मग माझा उजवा ओढून बघितला. आणि ती एकदम हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा.

“अगो, तुज्यावरून पन वारा गेला? तो पन डाव्याच अंगावरून?”

दुसऱ्या दिवशी वत्सलेचा नवरा शांताराम आला. तो होड्यांची इंजिने दुरुस्त करी. त्याने पंप उघडला, बोट घालून बघितले.

“आतलं वायसर खलास. हे हितं कुठं मिळायचं नाय, बाय. एकच पंप चांगला हाय, उजवा.”

“तो काढ नि डाव्या बाजूला लाव.”

“आन् उजव्याला?”

“माज्या उजव्यानं जन्मभर टोपल्या उचलल्या. खाऊ दे त्याला वारा.”

शांतारामने पंप बदलला आणि सगळीकडे तेल दिले. आता माझा डावा हात खरोखर जड झाला. पहिल्या दिवशी तिला तो जेमतेम हलला. तिने पुन्हा चिंधी बांधली. आता बाया हाका मारत तेव्हाही ती उत्तर देत नसे. सगळा दम हाताला लागे. मला तिच्या बोटांची पकड रोज कळे. कधी घट्ट, कधी आदल्या दिवसापेक्षाही सैल. होळीच्या आठवड्यात ती पकड पुरेल असे छातीठोक सांगता आले नसते.

होळीच्या दिवशी दुपारी जानू टेम्पो घेऊन आला. ट्रंक बांधायला दोरी आणली होती आणि नवे कुलूपही. हंसाबाय विहिरीवर गेली. बालदी सोडली. उजवा हात, डावा हात. उजवा, डावा. मध्येच डाव्यातून दोर निसटू लागला. जानू पुढे धावला.

“हात लावू नको!” ती ओरडली.

तिने कोपर कठड्याला टेकवले, मूठ आवळली आणि दोर थांबला. बालदी दगडांवर आपटत, हिंदकळत वर आली. तिने ती कठड्यावर ठेवली. जानूने आत डोकावून बघितले.

“अर्धीच हाय, बाय.”

“मी एकलीच हाय, जानू. मना अर्धी पुरते.”

जानू ओंजळीने त्याच बालदीतले पाणी प्याला, मग त्याने ते डोळ्यांना लावले, कुलूप खिशात घातले. टेम्पोचा आवाज सुरूंच्या मागे विरेपर्यंत ती अंगणात उभी होती. तिला हवे होते ते मिळाले होते. आता घरात पुन्हा ती, मी आणि समुद्राचा आवाज.

मित्रांनो, तुमच्या पडवीत एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावर खुशाल टोपल्या ठेवा. पण महिन्याकाठी एकदा तिला हलवून बघा, चार थेंब तेल द्या. आतून काय आटले आहे ते तिला सांगता येत नाही. आणि अर्ध्या बालदीत भागवणारी एखादी आत्या कुठे एकटी राहत असेल, तर तिला न्यायला जाऊ नका. भेटायला जा.