हक्क कोणावर?

लतिका सबनीसच्या इंग्रजीत एकच खोट होती, पण ती काही केल्या जात नव्हती. नागपूरला इतिहासात एम. ए. केलं, इथे अमेरिकेच्या दक्षिणेत, कॅरीत येऊन शिक्षिकेचं लायसन्स मिळवलं, तरी हक्काची गोष्ट निघाली की तिच्या तोंडून 'राइट टू' न येता 'राइट ऑन' यायचं. मराठीत हक्क नेहमी कशावर तरी असतो. घरावर, विहिरीवर, गेला बाजार भावाच्या स्वयंपाकघरावर! तोच 'वर' इंग्रजीतही तिच्या मानगुटीवर बसला होता.

आठवीतल्या ट्रॅव्हिसच्या वडिलांनी नेमकं तेच पकडलं. शाळेत फोन करून म्हणाले, "बाईंना धड इंग्रजी येत नाही, आणि आमच्या पोरांना सांगतात, यादवी युद्ध गुलामगिरीपायी झालं." मुख्याध्यापक हॉलोवे यांनी लतिकाला बोलावलं. "बुधवारी मी वर्गात बसतो. पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायचं की नाही, ते मग ठरवू."

बुधवारी सकाळी नरेंद्र टाय बांधता बांधता बायकोला म्हणाला, "उगाच पंगा घेऊ नकोस यार. वॉर स्टेट्स राइट्ससाठी, राज्यांच्या हक्कांसाठी झालं म्हण आणि चॅप्टर फिनिश कर."

"आणि गुलामगिरी?"

"ती पुढच्या वर्षी शिकव. पर्मनंट झाल्यावर."

लतिकाने लोणी इतकं जोरात फासलं की टोस्टच मोडला. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. शिकवण्यावाचून दुसरं काही करावं असं तिला आयुष्यात कधी वाटलंच नव्हतं.

हॉलोवे मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. लतिकाने फळ्यावर नकाशा काढला. "नवा प्रदेश देशात आला की तोच वाद," ती सांगू लागली. "इथे गुलाम ठेवायचे की नाही? मिसुरीला तडजोड केली, कॅन्ससला तर खूनच पडले. पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी धरून परत द्यायचा, असा कायदा झाला, तेव्हा उत्तरेतली माणसं भडकली. मग गुलामगिरी आणखी पसरू देणार नाही म्हणणारा पक्ष निवडणूक जिंकला, आणि दक्षिणेतली राज्यं एकेक करून फुटली."

ट्रॅव्हिस हात वर करून उभा राहिला. "मॅम, माझे डॅडी म्हणतात, वॉर स्टेट्स राइट्ससाठी झालं. राज्यांच्या हक्कांसाठी."

हॉलोवे पुढे सरकले. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर नोकरी वाचत होती. पण पहिल्या बाकावर डेनीस बसली होती. हा धडा सुरू झाल्यापासून त्या कृष्णवर्णीय मुलीने मान वर केली नव्हती, नुसती नखाने खोडरबर कुरतडत होती. तिच्यासमोर लतिकाला ते 'हो' म्हणवेना.

"राइट्स," ती म्हणाली, आणि नेहमी व्हायचं तेच झालं. "राइट्स ऑन... हूम?"

पोरं खिदळली. लतिकाचे कान तापले. आता झाकून काय उपयोग? तिने वळून ते चुकीचं वाक्य मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिलं: 'राइट्स ऑन हूम?' हक्क कोणावर?

"मॅम, 'टू' म्हणायचं असतं," ट्रॅव्हिस मोठ्या मनाने सुधारायला गेला. "'ऑन' नाही. माणसांवर कुणाचा हक्क नसतो."

"होता," डेनीस म्हणाली.

तिने मान वर केली होती. ती ट्रॅव्हिसकडे बघत होती, ट्रॅव्हिस फळ्याकडे. मग तो खाली बसला. तास संपल्याची घंटा होईस्तोवर लतिकाला जीव मुठीत धरून उभं राहावं लागलं.

मुलं गेल्यावर हॉलोवे दारात थांबले. "ट्रॅव्हिसचे वडील आज पुन्हा फोन करतील."

"हो, सर."

"करू देत. ऑगस्टमध्ये नव्या वर्षाचा वर्ग घ्याल, तोवर ते 'ऑन' तेवढं सुधारा."

ऑगस्टमध्ये! लतिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मान डोलावून तिने डस्टर उचललं आणि मिसुरी पुसलं, कॅन्सस पुसलं. फळ्यावरचा तो चुकीचा प्रश्न मात्र तिने पुढच्या तासाच्या मुलांसाठी तसाच ठेवला.