घोंगडीचा रकाना

मित्रांनो, लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेली, मधोमध दोऱ्याने शिवलेली आणि एका कोपऱ्यात वाळवीने चाखून पाहिलेली अशी मी एक जुनी बही, म्हणजे हिशेबाची वही आहे. माझा जन्म परळी वैजनाथचा. तेव्हा आपल्या मुलखावर निजामाचं राज्य होतं. रुद्रप्पांनी मला विकत घेतलं, पहिल्या पानावर भस्माचं बोट ओढलं आणि पाटोद्याला आपल्या किराणा दुकानात नेलं. मला वाटलं, आता जन्मभर गूळ आणि तेलच लिहून घ्यायचं!

पण माझं नशीब जोरावर होतं. पुण्याकडून मूकपटाची एक कंपनी आली. त्यांना पाटोद्याच्या माळावर लढाईचा देखावा घ्यायचा होता. मालक बबनराव स्वतःच राजा झाले होते आणि सैनिक म्हणून गावची चाळीस माणसं हवी होती. हिशेबासाठी त्यांनी रुद्रप्पांना मुनीम नेमलं.

बबनरावांचा अंदाज सुटसुटीत होता. चाळीस माणसं, आठ आणे रोज, महिनाभर काम. झाला खर्च! रुद्रप्पांनी मान हलवली.

"शेठ, आमच्याकडं सालगडी ठेवताना निस्ती रक्कम ठरत न्हाई. जोडा, घोंगडी, दोन वक्ताची भाकर, दुखनंखुपनं, समदं आधी बोलून घेतेत. त्यासाठी मजुरीवर रुपयामागं दोन आणे जास्तीचे धरा."

"अहो, मी चित्रपट काढतोय, नांगरट नाही!" बबनराव हसले. पण ऊन उतरायला लागलं होतं आणि कॅमेरा वाट बघत होता. त्यांनी घाईघाईत सही ठोकली. रुद्रप्पांनी माझ्या पानावर मजुरीशेजारी एक नवी रेघ ओढली. कंपनीतले नट त्याला चेष्टेने 'घोंगडीचा रकाना' म्हणू लागले. मी मात्र मनातून फुलून गेले. माणसाचं दुखणं आधीच ध्यानात घेणारा हिशेब मी अंगावर वागवत होते.

विसाव्या दिवशी घात झाला. आश्रुबा धनगर घोडा दौडवत येताना खाली पडला आणि त्याची नडगी मोडली. दीड महिना पाय टेकायचा नाही, असं हाडवैद्याने बजावलं. बबनरावांनी वीस दिवसांची मजुरी देऊन टाकायला सांगितली आणि दुसऱ्या माणसाला घोड्यावर बसवलं. आश्रुबाची बायको केसरबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"अप्पा, पाय तुमच्या खेळात मोडला अन् उपाशी आमी मरावं व्हय? कावून?"

रुद्रप्पा लगेच उठले. मला काखेत मारून ते थेट बबनरावांच्या राहुटीत गेले आणि म्हणाले, "आश्रुबाला ह्या रकान्यातून दीड महिन्याची मजुरी द्यायची हाय. हाडवैद्याचे पैसे बी."

"तो रकानाच खोडून टाका!" बबनराव कडाडले. "कामावर नसलेल्या माणसाला मी पैसे देत नसतो."

रुद्रप्पांनी शांतपणे टाक दौतीत बुडवला आणि बबनरावांच्या हातात दिला.

"खोडा शेठ. पर वरपासून खोडा. पैली नोंद तेवढी वाचून घ्या."

बबनरावांनी वाचलं. त्या रकान्यातलं पहिलं नाव त्यांचंच होतं. काम सुरू झाल्या झाल्या त्यांना हिवताप भरला होता आणि चार दिवस राजेसाहेब याच राहुटीत कुडकुडत पडले होते. वैद्य, काढा, दूध, सगळं त्या दोन आण्यांतून गेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी टाक परत केला.

"लिहा आश्रुबाचं नाव," ते हळूच म्हणाले.

पैसे घेताना उमटवलेला आश्रुबाच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या पानावर आहे. रुद्रप्पांचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

कंपनी गेली. तो मूकपट पुढे कुठे गेला, कोण जाणे. हिवाळ्यात आश्रुबा लंगडत का होईना, पण स्वतःच्या पायांनी दुकानात आला. केसरबाईने रुद्रप्पांपुढे नवी घोंगडी ठेवली.

"अप्पा, रकान्यात समद्यांची नावं लिवली, तुमचंच ऱ्हायलं म्हनं."

खरंच, मित्रांनो! एवढा चोख माणूस, पण त्या रकान्यात स्वतःचं नाव घालायला विसरला होता.

आता रुद्रप्पा नाहीत, दुकानही नाही. त्याच घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली मी माळ्यावर पडून आहे. मला रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. उद्या तुम्ही कुणाला कामाला लावाल, तेव्हा मजुरीशेजारी एक रेघ जरूर ओढा. आणि बाळांनो, ती रेघ ओढणाऱ्याचं नाव तिथे लिहायला विसरू नका.