मी हॅल्वोर ब्रेकहुसचा बोर्ड

मी बोर्ड आहे. साधा प्लायवूडचा. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर लिहिलंय, ‘हॅल्वोर ब्रेकहुस, विधानसभेसाठी’. आता त्यातलं ‘ब्रेक’ उडालंय, ‘हुस’ तेवढं उरलंय. उरू दे. मला वाचायला आता कोणी थांबत नाही.

शिकलेल्या लोकांसारखं गोड बोलायला मला येत नाही. माझी सगळी शाळा म्हणजे अंगावरचं एक नाव. त्यामुळे जे बघितलं ते तसंच सांगतो.

मला विकलं वेंडेल राउशनं. त्याची गावात लाकडाची वखार होती, आणि तोच आमचा आमदार होता. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात हॅल्वोर त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, “वेंडेल, एक चांगला बोर्ड दे. तुझ्याविरुद्ध उभा राहतोय.”

वेंडेलनं चष्मा वर केला. “मग जाड घे. पातळ घेतलास तर एकाच निवडणुकीत फुगेल. आणि पहिली तर तू हरणारच आहेस.”

त्यानं मला स्वतः गाडीत चढवलं. बांधायला दोरीसुद्धा त्याचीच. आमच्या उत्तर मिनेसोटात दुष्मनी अशी असते. समोरचा माणूस हिवाळ्यात खड्ड्यात अडकला तर त्याची गाडी ओढायला आपणच जायचं असतं, म्हणून फार भांडून परवडत नाही.

मला नदीवरच्या लोखंडी पुलापाशी उभं केलं. जागा मुद्दाम निवडलेली. तो पूल तेव्हाच मोडकळीला आला होता. शाळेची बस त्यावरून जात नसे, दुधाची गाडी जात नसे, जड गाड्या सगळ्या लांबून वळसा घालून जात. हॅल्वोर दूधवाला शेतकरी. त्या वळशाला कंटाळूनच तो राजकारणात पडला. पूल नवा करायचा, एवढंच त्याला विधानसभेत जाऊन करायचं होतं. बाकी कशाबद्दल त्याला फारसं मत नव्हतं. विचारलंच तर म्हणायचा, “वाईट नाही.”

मतदानाच्या आदल्या दिवशी दोघं माझ्यापाशी भेटले. वेंडेल पुलाच्या कठड्याला टेकून म्हणाला, “हॅल्वोर, उद्या तू मत कोणाला देणार?”

“कोणाला म्हणजे?”

“मतपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढचा गोल काळा करताना मला दरवेळी लाज वाटते. माझ्या आईनं बघितलं असतं तर कानाखाली दिली असती. म्हणाली असती, स्वतःची पाठ थोपटतोस मेल्या?”

हॅल्वोर म्हणाला, “मलाही आज दिवसभर तेच छळतंय.”

“मग असं करू. मी तुला देतो, तू मला दे. हिशेब तोच राहतो आणि लाज वाचते. फिट्टंफाट.”

हातमोजे काढून त्यांनी हात मिळवले. हात मिळवायला हातमोजे काढले, म्हणजे गोष्ट पक्की.

त्या वेळी हॅल्वोर सहाशेच्या वर मतांनी आपटला. दोन वर्षांनी पुन्हा उभा राहिला, आणि त्रेचाळीस मतांनी जिंकला. वेंडेल दुसऱ्या दिवशी हॅल्वोरच्या गोठ्यात येऊन म्हणाला, “आता तुला कळेल राजधानीतली कॉफी किती भिकार असते.” आणि खरंच, हॅल्वोर सेंट पॉलहून परत आला की पहिलं गाऱ्हाणं कॉफीचंच.

जिंकल्यावर माझ्या डोक्यावर एक पट्टी बसली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पुन्हा’. पुन्हा हॅल्वोर ब्रेकहुस. दर दोन वर्षांनी ती पट्टी स्क्रूनं घट्ट करायची, निवडणूक झाली की काढून ठेवायची. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव... बारा वेळा तो जिंकला. मला आठवतात ती स्क्रूची भोकं. माणसांना आकडे आठवतात, बोर्डाला भोकं.

आणि निवडणूक संपली म्हणून मला कुठली विश्रांती? तळं गोठलं की हॅल्वोर मला उचलून बर्फावर न्यायचा. त्याच्या मासेमारीच्या खोपटीची एक भिंत मीच. नाव आतल्या बाजूला. “बाहेर लावलं तर मासे समजतील मी प्रचाराला आलो, आणि पळतील,” असं म्हणायचा. आत छोटी शेगडी, बर्फात पाडलेलं भोक, आणि बसायला उपड्या बादल्या. उन्हाळ्यात गोठ्यात, शरदात रस्त्यावर, हिवाळ्यात तळ्यावर. एकाच अंगाला ऊन, शेण आणि मासे. माझ्याइतकं कोणी राबलं नसेल त्या मतदारसंघात.

हॅल्वोर तिकडे काय करायचा? बसायचा. ऐकायचा. भाषणं फार नाहीत. एखाद्या म्हातारीच्या घरापुढचा बर्फ काढणारी गाडी आली नाही, तर हा फोन लावायचा. आणि पूल. दर अधिवेशनात पुलाचं विधेयक. एकदा समितीत पडलं. एकदा सभागृहात पास झालं, तर गव्हर्नरनं नेमक्या त्याच ओळीवर काट मारली. एकदा पैसे मंजूर झाले ते दुसऱ्याच पुलाला. हॅल्वोर घरी यायचा, टोपी खुंटीला लावायचा. त्याची बायको आर्डिस विचारायची, “काय आमदारसाहेब, पूल?”

“वाईट नाही,” तो म्हणायचा. म्हणजे झाला नाही.

वर्षं अशीच गेली. गाडीतून जाणारे लोक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून मला सलाम करायचे. मला म्हणजे त्याला. मग बोटं कमी झाली. नवे लोक तळ्याकाठी घरं बांधून राहायला आले, ते बोट उचलत नसत. त्यांना पूल म्हणजे जुन्या काळाची शोभा वाटायची. फोटो काढायचे.

दोन हजार दहा सालच्या निवडणुकीला हॅल्वोर अडुसष्ट वर्षांचा होता. आर्डिस म्हणाली, “पुरे आता. तुझे गुडघे सेंट पॉलच्या पायऱ्यांना शिव्या देतात, ते मला इथं ऐकू येतं.”

“एवढी एकच,” हॅल्वोर म्हणाला. “समितीचा अध्यक्ष शब्द देऊन बसलाय. पुढच्या अधिवेशनात पूल नक्की. मी तिथं नसलो तर तो शब्द विसरेल.”

“चोवीस वर्षं विसरतोच आहे.”

“ह्या वेळी त्यानं हातमोजे काढले होते.”

आर्डिसनं आपलं खिमा-बटाट्याचं हॉटडिश ओव्हनमध्ये ढकललं आणि दार जोरात लावलं.

विरुद्ध उभा होता डेरिक स्टुमो. तरुण, बोटींचं दुकान असलेला, गावात येऊन चारपाच वर्षं झालेला. त्यानं माझ्यासमोरच रस्त्यापलीकडे स्वतःचा बोर्ड लावला. प्लास्टिकचा, चकचकीत. त्यावर लिहिलं होतं, ‘चोवीस वर्षं. पूल कुठाय?’ मी ते दोन महिने रोज वाचलं. वारा आला की तो फडफडायचा आणि मला वाटायचं हसतोय. खोटं लिहिलं असतं तर राग आला असता. खरं होतं, म्हणून नुसता थकवा आला.

मतमोजणी झाली. हॅल्वोर एका मतानं हरला. पुन्हा मोजलं. एकाच मतानं हरला.

कायद्यानं बोर्ड काढावे लागतात, म्हणून काढलं मला. बर्फ जाड झाल्यावर खोपटीत भिंत म्हणून लावलं. पहिल्याच दिवशी आत तिघं बसले होते. हॅल्वोर, आर्डिस, आणि म्हातारा वेंडेल, नाकात ऑक्सिजनची नळी घातलेला. गळ पाण्यात सोडून झाले. मग वेंडेल म्हणाला, “हॅल्वोर, तू त्या पोराला मत दिलंस ना?”

हॅल्वोर गळाकडे बघत राहिला.

आर्डिसनं थर्मास खाली ठेवला. “काय? कोणाला?”

वेंडेलनं सगळं सांगितलं. पुलावरचा हात, फिट्टंफाट, सगळं. आर्डिस ऐकत होती आणि तिचा चेहरा शेगडीसारखा होत होता.

“म्हणजे प्रत्येक वेळी?” तिनं नवऱ्याला विचारलं. “जो कोणी उभा राहील त्याला?”

“रीत आहे ती.”

“आणि ते तुला द्यायचे?”

“वेंडेल द्यायचा.”

“बाकीचे?”

“बाकीच्यांना रीत ठाऊक नव्हती.”

“मग सांगायचं की रे मूर्खा! त्या डेरिकला सांगायचं!”

“सांगितलं तर ते मत मागणं झालं,” हॅल्वोर म्हणाला. “मागून घेतलं तर त्याला रीत कसली म्हणायची?”

आर्डिस उठली आणि खोपटीच्या बाहेर जाऊन बर्फावर उभी राहिली. ती रडत होती की हसत होती ते मला दिसलं नाही, माझं तोंड आत होतं. परत आली तेव्हा म्हणाली, “स्वतःला दिलं असतंस तर एका मतानं जिंकला असतास. पूल झाला असता. गावभर तुझ्या लाजेपायी वळसा!”

वेंडेल खोकत खोकत हसला. “आर्डिस, त्याला मी बिघडवलं.”

“दोघंही मरा,” ती म्हणाली, आणि दोघांच्या कपांत कॉफी ओतली.

जानेवारीत डेरिक आला. नवा आमदार, नवे बूट, बर्फावर घसरत. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, “मिस्टर ब्रेकहुस, मला तिथलं काहीच कळत नाही. पुलाचं कोणाशी बोलू?”

मला वाटलं हॅल्वोर त्याला तळ्यात ढकलेल. मी ढकललं असतं. तो म्हणाला, “दार लाव, ऊब जाते.” आणि एक बादली त्याच्याकडे सरकवली. संध्याकाळपर्यंत त्याला सगळं शिकवलं. कोणत्या अध्यक्षाला शब्दाची आठवण करून द्यायची, कोणत्या दाराबाहेर थांबायचं, कोणाला पुलाचा फोटो दाखवायचा आणि कोणाला शाळेच्या बसचा. “आणि कॉफी घरून ने.”

वेंडेलला मात्र गप्प बसवेना. “पोरा, तू कोणाच्या मतावर आमदार झालास ठाऊक आहे का?”

“वेंडेल, गळ बघ तुझा,” हॅल्वोर म्हणाला.

पण म्हातारा बोललाच. डेरिक लाल झाला, मग पांढरा. हॅल्वोर पुटपुटला, “त्याला काय होतंय. वाईट नाही.” डेरिक टोपी घालून उठला आणि गेला. गेला तो थेट राजधानीला.

पूल त्याच अधिवेशनात मंजूर झाला. पुढच्या वर्षी शरदात उद्घाटन होतं. हॅल्वोरला पुढे बोलावलं, तर तो गर्दीत मागे, चर्चच्या बायकांच्या कॉफीच्या टेबलामागे जाऊन उभा राहिला. शाळेची बस पहिल्यांदा पुलावरून गेली तेव्हा त्यानं एक बोट वर केलं. ड्रायव्हरनंही केलं. एवढाच समारंभ. वेंडेल तेवढं बघायला नव्हता. त्याच वर्षी वसंतात, बर्फ वितळायच्या सुमारास, तो गेला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आली. डेरिकविरुद्ध शेजारच्या गावची एक बाई उभी होती. डेरिक एकतीस मतांनी कसाबसा वाचला. त्या डिसेंबरात खोपटीत हॅल्वोर आणि आर्डिस बसले होते. वेंडेलची बादली रिकामी होती. आर्डिस म्हणाली, “लावोन काय म्हणत होती ऐकलंस?” लावोन म्हणजे गावची कारकून, मतं मोजायला ती असते. “आपल्या केंद्रावर एकानं दोन्ही नावं सोडून खालच्या मोकळ्या ओळीत हातानं तुझं नाव लिहिलं. हॅल्वोर ब्रेकहुस.”

“कोण गाढव?”

“मी नाही बरं. मला काय वेड लागलंय? निवडून आलास तर परत जाशील.”

तेवढ्यात दार वाजलं आणि डेरिक आत आला. ह्या वेळी घसरला नाही. हॅल्वोरनं त्याच्याकडे पाहिलं, मग वेंडेलच्या बादलीकडे हात केला. डेरिक बसला. गळ सोडला. भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत म्हणाला, “तू ह्या वेळी कोणाला दिलंस?”

“तुला. चांगला पूल बांधलास.”

आर्डिसनं डेरिककडे रोखून पाहिलं. “एकतीस मतांनी जीव वाचला, आणि स्वतःचं मत तू ह्याला...”

डेरिकनं हातमोजे काढले.

“फिट्टंफाट,” तो म्हणाला.

हॅल्वोरनं हात मिळवला, मग शेगडीकडे वळून तिच्यातली राख उगाचच हलवत बसला. धूर डोळ्यांत जातो म्हणाला. त्या दिवशी धूर नव्हता.

माझं म्हणाल तर मी आता खालून कुजलोय. ती ‘पुन्हा’ची पट्टी अजून खोपटीत आहे, तिच्यावर आर्डिस मासे कापते. परवा डेरिक मला ठोकून बघत म्हणाला, “लाकूड अजून टणक आहे, माझं नाव रंगवू का?” बाबांनो, नका रंगवू. नवा बोर्ड आणा, जाड बघून आणा. मी एका नावावर आयुष्य काढलं, दुसरं मला आता पेलायचं नाही. बर्फ वितळला की मला सरळ शेगडीत घाला. दोघं समोर बसा, आणि कॉफी चांगली करा.